टिचकी

सन २०२१ च्या जुलै महिन्यातील २२ तारीख महाडकर विसरणे शक्य नाही. आदल्या रात्रीपासून सावित्री आणि गांधारी या नद्यांनी शहराला वेढा घातला आणि बाजारपेठेतील दुकानांचे तळमजले पाण्याखाली गेले. त्याच दिवसात तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही डोंगर घरांवर आला. या संकटाविषयी त्या वेळी पुष्कळ लिहिले गेले. आम्हांला येथे सांगायचे आहे ते मात्र त्यानंतर आठवड्याभराने आमच्या कानांवर पडलेल्या, किंबहुना न पडलेल्या, एका आवाजाविषयी.

पाणी ओसरल्यावर मदतीचे ट्रक येऊ लागले. आमच्याकडे आलेल्या सामानात तांदूळ, डाळ, तेल, चटया, ताडपत्र्या, वापरलेल्या साड्यांची गाठोडी आणि दर कुटुंबामागे एक बादली व एक निळी प्लॅस्टिकची घागर अशा वस्तू होत्या. आम्ही टेबल मांडून बसलो. यादी केली, चिठ्ठ्या दिल्या, कोणाला दोनदा मिळू नये आणि कोणी रिकाम्या हाताने जाऊ नये याची काळजी घेतली. स्वतःच्या शिस्तीचे आम्हांला थोडे कौतुकही वाटत होते, हे कबूल केले पाहिजे.

रांगेत सत्तरीच्या आसपासचे एक गृहस्थ होते. त्यांनी अंगठा उठवला, धान्याची पिशवी खांद्याला लावली, घागर हातात घेतली आणि डाव्या हाताने तिचा गळा धरून उजव्या हाताच्या बोटाने तिच्या पोटावर टिचकी मारली. कान जरासा कलता करून ते क्षणभर थांबले. प्लॅस्टिकमधून आवाज तो काय येणार? ते ओशाळल्यासारखे हसले आणि पुढे सरकले. आमच्या शेजारी यादी लिहीत बसलेला तरुण म्हणाला, "फादर, कुंभार आहेत ते. सवय जात नाही."

आम्ही पुढच्या नावाकडे वळलो. त्या रात्री झोपताना मात्र ती टिचकी आठवली, आणि आपण आज नेमके काय वाटले हा प्रश्न प्रथमच मनात आला.

चार दिवसांनी आम्ही विचारीत विचारीत त्यांच्या घरी गेलो. घर म्हणजे दोन खोल्या आणि मागे पत्र्याची पडवी. पडवीच्या भिंतीवर छातीइतक्या उंचीपर्यंत गाळाची रेघ होती. चाक चिखलातून उकरून काढून भिंतीला टेकवून ठेवले होते. जमिनीवर एकसारखा, गुळगुळीत, करड्या मातीचा थर पसरला होता, आणि आम्ही त्याला पुराचा गाळ समजून त्यावर पाय ठेवणार इतक्यात बाबा म्हणाले, "फादर, जपून. ते गणपती हायत."

वाचकांनी हे समजून घेतले पाहिजे. त्या वर्षीची गणेश चतुर्थी १० सप्टेंबरची. म्हणजे पूर आला तेव्हा कोकणातील घरोघरच्या मूर्तिकारांचे काम ऐन भरात होते. शाडूची मूर्ती भाजत नाहीत. ती सावलीत वाळवून रंगवतात, कारण तिने पुन्हा पाण्यात विरघळावे हाच तर तिचा हेतू. शाडू येथे सापडत नाही, ती गुजरातेतून भावनगरकडून पोत्यांत येते आणि रोख पैसे मोजून किंवा उधारीवर घ्यावी लागते. बाबांच्या घरी त्या रात्री अर्ध्याअधिक झालेल्या साठ मूर्ती फळ्यांवर होत्या. ज्या पाण्यात त्यांना दीड दिवसाने किंवा पाच दिवसांनी वाजतगाजत जायचे होते, ते पाणी सात आठवडे आधीच घरात आले. साठांच्या साठ मूर्ती विरघळून एक झाल्या आणि जमिनीवर निजल्या.

पलीकडे कोपऱ्यात उन्हाळ्यात भाजून उरलेले वीसबावीस माठ होते. त्यांत गाळ भरला होता, एवढेच. धुतले की पूर्वीसारखे. तीच माती, तेच पाणी; एकीकडे सर्वस्व गेले आणि दुसरीकडे काहीच झाले नाही. मध्ये फरक फक्त आगीचा.

बाबांनी एक माठ उपडा करून आम्हांला बसायला दिला. आम्ही सांत्वनाचे चार शब्द बोललो. ते ऐकून घेऊन म्हणाले, "धान्याचे उपकार हायत फादर. तेवढ्यावर चूल पेटली." मग थोड्या वेळाने, तक्रारीच्या सुरात नव्हे तर आपण हवापाण्याविषयी बोलतो तशा सुरात, म्हणाले, "माठांचं मात्र आता दोन वरीस बघायला नको. घरटी घागर आली."

महाडच्या पेठेत आणि आसपासच्या वाड्यांत मिळून शेकडो घरे त्यांची जुनी गिऱ्हाइके होती. त्या प्रत्येक घरी आता एक निळी घागर पोहोचली होती. आमच्याकडून आणि आमच्यासारख्या आणखी कित्येकांकडून. आम्ही एका माणसाच्या हाती पोट भरण्याचे सामान ठेवले आणि त्याच्याच हातातून पोट भरण्याचे साधन काढून घेतले. तेही अंगठा घेऊन, रीतसर. कोणी वाईट हेतूने केले असे नाही. पूर ओसरल्यावर पिण्याचे पाणी साठवायला भांडे हवेच होते, आणि भर पावसाळ्यात चारशे माठ भाजणे कोणाही कुंभाराला शक्य नव्हते. पण दिवाळीनंतर ते शक्य होते. तेव्हा आम्ही तिकडे फिरकलोही नाही. तेव्हा आमच्या डोक्यात पुढच्या ट्रकची यादी होती.

त्यानंतर मात्र आमचे तेथे जाणे-येणे सुरू झाले, आणि वयाची पन्नाशी ओलांडल्यावर आम्ही मातीविषयी शिकू लागलो.

माती दिसायला सारखीच, पण दर वावभर अंतरावर तिची जात बदलते. भातखाचराच्या कडेची चिकण, तळ्याच्या तळाची मऊ, नदीकाठची रेताड. नुसती चिकण घेतली तर वाळताना तडकते. रेताड घेतली तर चाकावर उभी राहत नाही. ती वाळवायची, कुटायची, चाळायची, भिजवायची आणि तिच्यात राख किंवा बारीक रेती मिसळून पायांनी तुडवायची. तुडवताना टाचेला खडा लागला की थांबून तो वेचायचा, कारण एवढासा खडा पुढे आगीत माठ फोडतो. चाकावर माठ पुरा होत नाही, हेही आम्हांला ठाऊक नव्हते. चाकावर त्याचा गळा आणि खांदा तयार होतो. बूड जाडच राहते. दोऱ्याने कापून उतरवल्यावर तो थोडा सुकू द्यायचा आणि मग आतून दगडी गोळा धरून बाहेरून लाकडी थापीने ठोकत ठोकत त्याचे पोट वाढवायचे. माठाचा गोल म्हणजे हजारो थापांचा गोल. आत धरलेला हात आणि बाहेरचा हात एकमेकांना दिसत नाहीत, तरी दोन्ही नेमके समोरासमोर येतात. बाबांनी आमच्या हाती थापी देऊन पाहिली. तो माठ त्यांनी नंतर काही न बोलता पुन्हा मातीत घातला.

मग आवा. माठ रचायचे, मध्ये लाकडे, गोवऱ्या, भाताचा तूस घालायचा, वरून गवत व मातीचा लेप द्यायचा आणि रात्रभर जागायचे. सकाळी राख निवाली की एकेक माठ काढून टिचकी मारायची. खणखणीत वाजला तर विकायचा, बद्द वाजला तर कुठे तरी डोळ्यांना न दिसणारी चीर आहे. रांगेत त्या दिवशी आम्ही पाहिलेली टिचकी ती हीच. चांगला भाजलेला माठही काही प्रमाणात पाझरतोच; त्या पाझरलेल्या पाण्याची वाफ होते म्हणून आतले पाणी गार राहते. न पाझरणारा माठ हवा असेल तर तो प्लॅस्टिकचा घ्यावा आणि कोमट पाणी प्यावे.

गुरुविद्यालयात असताना आमच्या प्राध्यापकांनी संदेष्टा यिर्मया याचा १८ वा अध्याय मोठ्या तन्मयतेने शिकवला होता. देव संदेष्ट्याला कुंभाराच्या घरी पाठवतो. चाकावरचे भांडे बिघडते आणि कुंभार त्याच मातीचे दुसरे करतो. चाकासाठी तेथे वापरलेल्या हिब्रू शब्दाचा अर्थ 'दोन दगड' असा होतो, हेही आम्ही वहीत उतरवून घेतले होते. फळ्यावर खडूने काढलेले चाक आजही डोळ्यांपुढे आहे. खरे चाक पाहायला मात्र आम्हांला कोणी नेले नाही, आणि आम्हीही कधी जाऊन पाहिले नाही. पुढे तीस वर्षे या अध्यायावर प्रवचने केली.

एकदा बोलण्याच्या ओघात ती कथा बाबांना सांगितली. त्यांनी मान डोलावली. ते त्यांना नवीन नव्हते. मग विचारले, "भाजल्यावर फुटलं तर काय म्हणतो तुमचा देव?" आम्ही गप्प झालो. घरी येऊन पवित्र शास्त्र उघडले, तर पुढचाच, १९ वा अध्याय समोर आला. त्यात संदेष्टा कुंभाराकडून भाजलेली सुरई विकत घेतो आणि लोकांच्या देखत ती फोडतो; आता ही पुन्हा सांधता येणार नाही, असा त्याचा निरोप आहे. हे दोन अध्याय एकामागून एक का आले असावेत याचा आम्ही कधी विचार केला नव्हता. ओल्या मातीला दुसरी संधी असते. भाजलेल्या भांड्याला नसते, पण पाण्यात टिकण्याचे बळ मात्र त्यालाच मिळते. ज्याच्या साठ मूर्ती एका रात्रीत माती झाल्या आणि माठ शाबूत राहिले, त्याला हे भाष्यकारांकडून शिकावे लागत नाही.

येथे थोडे विषयांतर करतो, पण ते महाडमध्ये राहून टाळता येण्यासारखे नाही. कुंभाराचे मडके जन्मापासून मरणापर्यंत सर्वांच्या दारी जाते. संक्रांतीला सुगड, लग्नात माठ, अक्षय्य तृतीयेला करा, आणि शेवटी प्रेतापुढेही मडकेच. ते कोणी घडवले याची चौकशी कोणी करीत नाही. त्यातले पाणी कोण पितो याची चौकशी मात्र या देशात शतकानुशतके झाली. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथील चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, आणि त्यानंतर तळे 'शुद्ध' करण्यासाठी शेण, गोमूत्र, दूध, दही घालून १०८ मातीच्या घागरींचा विधी करण्यात आला. त्या १०८ घागरीही कोणा कुंभाराच्याच चाकावरून उतरल्या असणार. त्याला काय वाटले असेल, हे इतिहासात नाही. त्याच वर्षी २५ डिसेंबरला, जगभर नाताळचे घंटानाद होत असताना, याच महाडात दुसरी परिषद भरली आणि मनुस्मृतीचे दहन झाले. आमच्या लोकांना ही तारीख आम्ही दर नाताळात आठवण करून देतो. काहींना ते आवडत नाही.

महाडजवळ गांधारपाले येथे डोंगरात लेणी आहेत. तेथील शिलालेखात दान देणाऱ्या राजपुत्राचे नाव आहे. ज्यांनी छिन्नी धरली त्यांच्यापैकी कोणाचे नाही. जगभर बहुधा असेच घडत आले. म्हणून निर्गम ग्रंथातील एक गोष्ट आम्हांला विशेष वाटते. देव मोशेला निवासमंडपाची मापे सांगतो आणि मग कारागिराचे नाव स्वतः उच्चारतो: बसालेल. त्याच्या वडिलांचे, आजोबांचे आणि वंशाचेही नाव घेतो आणि आपण त्याला आपल्या आत्म्याने भरले आहे असे सांगतो. कशासाठी? भविष्यकथनासाठी नव्हे, युद्धासाठी नव्हे. सोने, रुपे, पितळ घडवण्यासाठी, रत्ने जडवण्यासाठी, लाकूड कोरण्यासाठी. सोबतीला अहलियाब, भरतकाम आणि विणकाम जाणणारा. आत्म्याने भरला जाणारा तो माणूस सोनार-सुतारांच्या जातीचा होता, हे आम्ही कितीदा वाचून पुढे गेलो असू!

बाबांचे नाव या लेखात द्यावे अशी आमची इच्छा होती. त्यांनी साफ नकार दिला. "छापू नका. शाडूवाला वाचंल."

पुढे घाटाच्या पायथ्याशी पोलादपूरकडे आमचा एका सुतारांशी परिचय झाला. साखर-सुतारवाडीच्या दुर्घटनेनंतर त्या नावाची आठवण आमच्या मनातून जात नव्हती. एका वाडीला जेव्हा सुताराचे नाव पडले, तेव्हा त्या नावाला पंचक्रोशीत केवढे मोल असेल! हे सुतार दुसऱ्या गावचे. त्यांच्याकडे अजून वाकस आहे, पटाशी आहे, रंधा आहे, पण काम मुख्यतः दारे-खिडक्यांचे, तेही कारखान्यातून आलेली तयार चौकट बसवून देण्याचे. नांगर करून बरीच वर्षे झाली. शेतात पॉवर टिलर आले. त्यांच्या माळ्यावर मात्र एक जू होते, गिऱ्हाइकाने न्यायला न आलेले.

आम्ही त्यांना सांगितले की आमचा प्रभूही सुतार होता आणि दुसऱ्या शतकातील संत जस्टिन यांनी तो नांगर आणि जू करीत असे, असे लिहून ठेवले आहे. सुतारांनी लगेच विचारले, "बैल बघून जू करायचे की तयार?" म्हणजे काय ते आम्हांला कळेना. तेव्हा त्यांनी ते जू खाली काढून दाखवले. दोन बैल कधीच सारखे नसतात. एकाचा खांदा उंच, एकाची मान जाड. चांगला सुतार बैल बघतो, हात लावतो, आणि जिथे जू मानेवर टेकते तिथे त्या त्या बैलापुरते तासून, घासून गुळगुळीत करतो. बाजारातून तयार आणलेले जू लावले तर आठ दिवसांत खांदा सुजतो. "जू हलकं असून भागत नाय, बसायला हवं," ते म्हणाले.

प्रभूने आपले जू सोपे असल्याचे सांगितले, त्या वचनाचा अर्थ आम्ही आजवर 'प्रभू फारसे मागत नाही' असा लावीत आलो होतो. मूळ ग्रीक शब्दाची छटा 'सोयीचे, बरे बसणारे' अशी आहे, हे पुस्तकात वाचलेही होते. पण ते वचन उच्चारणाऱ्याने नासरेथच्या पडवीत किती बैलांच्या मानांवरून हात फिरवला असेल, हे त्या माळ्यावरच्या जुवाला हात लावीपर्यंत आमच्या ध्यानी आले नव्हते.

बाकीच्यांविषयी थोडक्यात सांगतो. पेठेत बांगड्या भरणाऱ्या एक कासारीण मावशी आहेत. पुरात त्यांचा सर्व माल चिखलात गेला, पण काच ती काच. धुतल्यावर हिरव्याची हिरवी राहिली. खोकी आणि दोरे मात्र कुजल्याने सव्वादोन, अडीच सगळी मापे एकमेकांत मिसळली. बाईंनी दहा दिवस बसून हजारो बांगड्या नुसत्या बोटांनी चाचपून वेगळ्या केल्या. काच फिरोजाबादेची असते. येथील कसब आहे ते दुसऱ्याचा हात आपल्या हातात घेऊन, हाडे हळूच दाबून, न फोडता ती चढवण्याचे. आमच्या धर्मग्रामातील एका गोव्याच्या कुटुंबातील वधूने लग्नाआधी त्यांच्याकडूनच चुडा भरून घेतला. सोनारांच्या गल्लीत पुरानंतर गाळ फेकण्याची घाई कोणी केली नाही. तो घमेल्यांतून धुऊन पाहिला गेला. आणि त्या वापरलेल्या साड्या? त्यांतल्या कित्येक नेसण्याजोग्या नव्हत्या. कोणी तरी कपाट रिकामे करून पुण्य जोडले होते. वाड्यांतील बायांनी नाक मुरडले नाही. त्यांनी त्या फाडल्या, थरावर थर घातला आणि बारीक धावदोऱ्याच्या गोधड्या शिवल्या. त्यांतील एक आमच्याही वाट्याला आली. मदत म्हणून आलेल्या सर्व सामानात कारागिराचे काम न हिरावता त्याला काम देणारी वस्तू एकच निघाली, आणि ती आम्ही निकृष्ट समजून शेवटी वाटली होती.

२०२३ साल उजाडले. आसिसीच्या संत फ्रान्सिस यांनी ग्रेचो येथे १२२३ साली खरा बैल, खरे गाढव आणि गवत आणून नाताळचा पहिला गोठा उभारला, त्याला त्या वर्षी आठशे वर्षे झाली. आमच्या गोठ्यातील प्लास्टरच्या मूर्ती पुरात भिजून विद्रूप झाल्या होत्या. फक्त बाळ येशू तेवढा वरच्या कपाटात असल्याने वाचला होता. नव्या मूर्ती मुंबईहून मागवाव्यात असा विचार पुढे आला. आम्ही दिवंगत पोप फ्रान्सिस यांचे गोठ्याविषयीचे २०१९ सालचे पत्र वाचून दाखवले. गोठ्यात लोहार, पाववाला, पाण्याच्या घागरी वाहणाऱ्या स्त्रिया अशी रोजची माणसे असणे किती योग्य आहे, असे त्यांनी त्यात म्हटले आहे. मग म्हणालो की घागरवाली बाई घडवणारा माणूस आपल्या गावात आहे.

दिवाळीनंतर आम्ही बाबांकडे गेलो आणि सर्व कथा सांगितली. त्यांनी नीट ऐकली आणि पहिलाच प्रश्न केला, "विसर्जन किती दिवसांनी?"

आम्ही सांगितले, विसर्जन नाही. ते विचारात पडले. "मग भाजावं लागंल," ते म्हणाले. भरीव मूर्ती आवात फुटते, म्हणून प्रत्येक आतून पोकळ करावी लागणार, पाठीमागे वाफेला भोक ठेवावे लागणार. त्यांनी ३,६०० रुपये सांगितले. आम्हांला ते फार थोडे वाटले. काम झाल्यावर आम्ही पाकिटात पाच हजार घालून दिले. त्यांनी समोरच मोजले आणि १,४०० बाजूला काढून आमच्या हाती परत ठेवले. "मदत तेव्हा घेतली, फादर. ह्यो धंदा हाय." श्रमाला दाम आणि गरजेला दान यांतील भेद आम्ही १८९१ चे आणि १९८१ चे विश्वपत्र हाती घेऊन युवकांना शिकवला आहे. तरीही ते १,४०० रुपये परत खिशात घालताना आमचा हात संकोचला.

मूर्ती कशा झाल्या? योसेफाच्या हाती वाकस आहे, आणि तो पोलादपूरच्या त्या सुतारांसारखा किंचित पाठीत वाकलेला आहे. मरियेच्या डोक्यावर पदर आणि हातांत बांगड्या. मेंढपाळाच्या खांद्यावर घोंगडी आहे. कोकणात मेंढरे नाहीत. पण पावसाळा सरल्यावर देशावरचे धनगर घाट उतरून कळप घेऊन येतात, ते बाबांनी लहानपणापासून पाहिले आहेत. बैल अप्रतिम. गाढव घोड्यासारखे झाले आहे, ते त्यांनीही मान्य केले. आणि बाळ येशू आवात तडकला. टिचकी मारून पाहिली, बद्द आवाज आला. बाबांनी तो आम्हांला दिला नाही. "चीर हाय. दिसत नाय, पन हाय."

नाताळ दोन दिवसांवर आलेला. निरुपायाने मध्यरात्रीच्या मिस्साला मातीच्या आईबापांमध्ये जुना, गोरा, सोनेरी केसांचा प्लास्टरचा बाळ निजवला. काही कुटुंबांना हायसे वाटले. एक ज्येष्ठ भगिनी हळूच म्हणाल्या, "फादर, बाळ तरी ओळखू आला." त्यांना दोष देण्याचे कारण नाही, आम्ही सगळेच त्या बाळापुढे गुडघे टेकून लहानाचे मोठे झालो. एका मुलाने मात्र प्रवचन संपल्यावर विचारले की बाळ आईसारखा का दिसत नाही.

२०२४ च्या नाताळात मातीचा बाळ आला. तांबूस, सावळा, पोट किंचित सुटलेले. त्या भगिनींनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिले आणि मग त्याच्या पायाला हात लावून तो हात कपाळाला लावला. त्या काही बोलल्या नाहीत आणि आम्हीही विचारले नाही.

जुन्या करारातील सिराखच्या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायात नांगरणारा, मुद्रा कोरणारा, लोहार आणि कुंभार यांचे वर्णन आहे. यांच्यावाचून नगर वसत नाही, तरी सभेत यांना कोणी बोलावत नाही, असे तो लेखक म्हणतो, आणि त्यांची प्रार्थना त्यांच्या कामातच असते असेही सांगतो. त्यातील पहिली दोन विधाने आम्हांला पूर्वीपासून पटत असत. तिसरे पाहून घ्यावे लागले.

बाबांचा मुलगा बिरवाडीच्या बाजूला रासायनिक कारखान्यात पाळीवर जातो. त्याला दोष नाही. महिन्याच्या महिन्याला पगार येतो आणि पाऊस पडला म्हणून तो विरघळत नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय घेतले आहेत. कुंभार, सुतार, सोनार, टोपल्या विणणारे त्यांत आहेत. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि पाच टक्के व्याजाचे कर्ज अशी तरतूद आहे. आमच्या युवकांनी चारसहा जणांचे अर्ज भरून दिले. बाबा म्हणाले, अर्ज मुलाच्या नावाने भरा. मुलगा म्हणाला, बाबांच्या नावाने भरा. कागद काही दिवस आमच्या टेबलावर पडून होता.

गेल्या खेपेस गेलो तेव्हा बाबा चाकावर बसले होते. आता धर्मग्रामातील कुटुंबे उन्हाळ्याआधी माठांची मागणी आगाऊ नोंदवतात. दोन वर्षे ते चालले आहे, पुढे किती चालेल सांगता येत नाही, कारण फ्रिज सर्वांच्याच घरी आहेत. बाबांच्या उजव्या हाताला पाण्याचे भांडे होते. त्यात बोटे बुडवून ते मातीवर पाणी शिंपडत होते. भांड्याचा वरचा भाग कापून टाकलेला होता, तरी रंगावरून आम्ही ओळखले. ती निळी घागर होती.

आमची नजर तेथे गेलेली पाहून ते म्हणाले, "चांगली हाय. फुटत नाय." आणि मग विचारले, "मेंढरं अजून किती लागतील? दोन की तीन?"

आम्ही म्हटले, धर्मग्राम मंडळाला विचारून सांगतो.